पोस्टमास्तरांच्या गाडीचा डबा

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. सगळे त्याला सबूरमिस्त्री म्हणत. गाडी ढकलत आणणारा माणूस घाम पुसायच्या आतच सुरू व्हायचा, "पंप गेला असेल, सेन्सर गेला असेल, नाहीतर कॉम्प्युटरच उडाला असेल!" मिस्त्री तळहात वर करायचा. "सबूर! आधी तिला बोलू द्या, मग तुम्ही बोला."

हा धंदा त्याला मामांनी शिकवला. मामांचं सांगणं एकच. आळ घालायचाच तर डब्यावर सगळ्यात शेवटी घाला. डबा म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. वहीएवढा, चपटा, ॲल्युमिनियमचा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, सगळा कारभार त्याच्याकडे. मामा म्हणायचे, "तो घरातला मुका म्हातारा आहे. काही बिघडलं की सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि चूक असते भलत्याचीच."

आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. एका बेकरीवाल्याच्या गाडीला मोठ्या वर्कशॉपनं डबा बदलायला सांगितलं होतं. मिस्त्रीनं डॅशबोर्डाखाली हात घातला, तर आत एका उंदरीणबाईंनी साग्रसंगीत बाळंतपण उरकलेलं! पाच पिल्लं, कापसाची गादी, आणि डोहाळे पुरवायला तीन वायरी कुरतडलेल्या. वायरी जोडल्या, गाडी चालू. बेकरीवाला महिनाभर येईल त्याला पावाबरोबर ही गोष्ट देत होता.

अशानं माणसाची मान ताठ होते. तेवीस वर्षांत मिस्त्रीनं एकही डबा बदलला नव्हता. अगदीच वेळ आली, तर तो उघडायचा, भिंगाखाली तुटलेला टाका शोधायचा, सोल्डर करायचा, परत बसवायचा. डबा बदलणं म्हणजे हार, असं त्याच्या मनानं कधीच ठरवून टाकलं होतं.

निवृत्त पोस्टमास्तर त्याच्या गल्लीतलेच, वयानं दहा वर्षं मोठे. त्यांच्या बायकोला मिस्त्री वहिनी म्हणायचा. वहिनींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला, चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात यंत्राला जोडून त्यांचं रक्त शुद्ध करावं लागे. एक खेप चुकली की अंगात पाणी साठायचं, दम लागायचा. आणि त्यांची ती जुनी निळी गाडी नेमकी त्याच दिवसांत रुसायला लागली. अर्धा-पाऊण तास चालली, गरम झाली, की मध्येच गप्प. वीस मिनिटं थंड झाली, की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

मिस्त्रीनं रिले बदलला, सेन्सर बदलला, अर्थिंगचे सगळे नट घासून पुसून आवळले. मग एका दुपारी मुद्दाम फिरवून फिरवून गाडी बंद पाडली आणि तिथंच रस्त्याकडेला स्कॅनर जोडला. स्कॅनरला डब्याकडून उत्तरच मिळेना. मिस्त्रीनं मीटर लावला. डब्यात वीज नीट जात होती, पण डब्यातून सेन्सरांना जायचे पाच व्होल्ट गायब होते. आता मामांच्या मुक्या म्हाताऱ्यावर आळ घालण्यावाचून इलाज नव्हता.

"नवा मागवायचा का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"आठ-दहा दिवस लागतील यायला. आणि कशाला? मी आहे ना!"

त्यानं डबा उघडला. एका टाक्याला केसाएवढी चीर होती. ती बुजवली, डबा परत जोडला, गाडी अंगणात चालू ठेवली आणि घरातून बायकोचं केस वाळवायचं यंत्र आणून डब्यावर गरम वारा सोडत बसला.

बायको दारात येऊन म्हणाली, "माझ्या डोक्यावर कधी धरलंत हो हे? त्या डब्याचे लाड बघा!"

"तो बोलत नाही, म्हणून लाड."

अर्धा तास झाला, पाऊण झाला. इंजिन चालूच, एकदाही बंद पडलं नाही. मिस्त्रीनं हात झटकले.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पोस्टमास्तर जरा चाचरत आले. "मिस्त्री, गाडी झालीय, ते दिसतंच आहे. पण शेजारच्या वकिलांना सांगून ठेवलंय. उद्या ते नेतो म्हणाले. एकच खेप. तोवर तुमचं आणखी तपासून होईल."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या हातावर भरवसा नाही तुमचा?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? वीस वर्षं गाडी माझ्याकडे आणताय. आणि वहिनींना न्यायची वेळ आली की वकील?"

पोस्टमास्तर भिडस्त माणूस. आयुष्यभर खिडकीमागे बसून लोकांची घाई ऐकून घेतलेला. ते घरी गेले आणि त्यांनी वकिलांना नको म्हणून कळवलं.

शुक्रवारी हॉस्पिटल बारा किलोमीटर राहिलं असताना, खडीच्या खाणीपाशी गाडी बंद पडली. अंगणात डब्याला गरमी दिली होती, पण रस्त्याचे हादरे कुठे दिले होते? सोल्डरच्या शेजारी, भिंगालाही न दिसलेली आणखी एक चीर असावी. वहिनी मागच्या सीटवर उशीला टेकून होत्या. पोस्टमास्तर रस्त्यात उभे राहून हात करत होते. ट्रक थांबत नव्हते. गाडी वीस मिनिटांनी सुरू झाली, दोन किलोमीटर गेली, पुन्हा बसली. शेवटी एका दूधवाल्यानं टेम्पोतून नेलं. तोवर त्यांची वेळ टळून गेली होती. तासाभरासाठी यंत्र मिळालं, तेवढंच.

रविवारी वहिनींना अतिदक्षता विभागात हलवलं. त्याच दिवशी मिस्त्रीनं नवा डबा मागवला. नऊ दिवसांनी वहिनी गेल्या. डॉक्टर म्हणाले की हृदय आधीच थकलेलं होतं, एका खेपेचं काही सांगता येत नाही. तीन दिवस मिस्त्री त्या वाक्याला धरून बसला. सांगता येत नाही. म्हणजे नसेलही.

डबा सांगितल्यापेक्षा उशिरा, आणखी आठवड्यानं आला. मिस्त्रीनं बॅटरीची तार सोडली, जुना काढला, नवा बसवला, चारही स्क्रू हातानं आवळले. नवा डबा गाडीची चावी ओळखत नाही. त्याला चावी दाखवून, गाडीचा नंबर भरून सांगावं लागतं की बाबा रे, हे तुझं घर. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तो हे करत होता. पुस्तिका तीनदा वाचली. मग पोस्टमास्तरांच्या दाराशी गाडी आणली.

"गरम करून बघायला हवी. लांब न्यावी लागेल."

"चला," पोस्टमास्तर म्हणाले. कुठे, ते दोघांनीही विचारलं नाही. लांब म्हणजे एकच रस्ता होता.

मिस्त्री चालवत होता. तीस मिनिटं झाली, चाळीस झाली. खडीची खाण दिसू लागली. त्याच्या मनात जे आलं, ते त्यानं पुढे फक्त बायकोला सांगितलं. बंद पड, असं तो गाडीला म्हणत होता. एकदा बंद पड. म्हणजे दोष डब्यात नव्हता, दुसरंच काही होतं, कुणालाच सापडलं नसतं ते. खड्डा आला, त्यात गाडी मुद्दाम जोरात घातली. गाडी उसळली आणि पुढे गेली. खाण मागे पडली. इंजिन असं शांत चाललं होतं की वाऱ्याचा आवाज ऐकू यावा.

हॉस्पिटलच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं वाकून विचारलं, "पेशंट आहे का आत?"

"नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "वळवायचीय फक्त."

परतीच्या वाटेवर मिस्त्री म्हणाला, "वकिलांना नको म्हणायला मी लावलं तुम्हाला. माझ्या ताठ्यापायी."

मिस्त्रीला वाटलं, आता पोस्टमास्तर म्हणतील, तसं काही नाही, मनाला लावून घेऊ नका. लोक तसंच म्हणतात.

"हो," ते म्हणाले. "तुम्ही लावलंत. पण फोन मी केला. तिनं विचारलं होतं मला, 'अहो, वकिलांना नको का म्हणालात?' मी म्हटलं, मिस्त्रीला वाईट वाटेल. ती म्हणाली, बरं."

मिस्त्रीनं दारात गाडी उभी केली, चावी फिरवून इंजिन बंद केलं. गरम इंजिनाचा पंखा आपला फिरतच होता. दोघेही उतरले नाहीत. पंखा थांबेपर्यंत दोघे तसेच बसून राहिले, आणि थांबल्यावरही.