कादंबरीचा तिसरा तुकडा

चाचांनी ती कादंबरी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून आणली होती. ‘फॅसिस्ट हुकूमशाहीतली थरारक कहाणी’ असं कव्हरवर छापलेलं. फॅसिस्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. माझी शाळा आठवीतच सुटली. वाचत गेलो तसं कळलं. इटलीतलं जुन्या काळातलं एक शहर, रस्त्यावर काळ्या शर्टातली माणसं, आणि दर शनिवारी कुणीतरी पोलिसांना नावं कळवतं. छापखान्यातला एक तरुण कामगार लपूनछपून पत्रकं छापतो. त्याची खबर कोण देतं, यावर सगळी कादंबरी.

इकडे आखातात, झिंजमधल्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. रत्नागिरीचे चाचा, कोल्हापूरकडचा एक वेल्डर आणि लांज्याचा मी. अस्करच्या साइटवर एकाच कंत्राटदाराकडे कामाला, पण शिफ्टा वेगळ्या. पुस्तक एक आणि वाचणारे तीन, म्हणून चाचांनी कटरने त्याचे तीन तुकडे केले.

“बकरं कापल्यागत कापलंय की, चाचा,” वेल्डर म्हणाला.

“मग कलेजी तुला देतो. गप वाच.”

पहिला चाचांनी घेतला, मधला त्याला सांभाळायला मिळाला. शेवटचा चाचांनी माझ्या ताब्यात दिला. “तू नीट ठेवशील,” म्हणाले. आपली पाळी आल्याशिवाय पुढचा तुकडा उघडायचा नाही, असा खोलीचा नियम ठरला. मला या देशात चाचांनीच आणलं होतं. व्हिसासाठी शब्द त्यांनी टाकला, पहिल्या महिन्यात अंथरायला चादरही त्यांचीच. त्यांनी सांभाळायला दिलेल्या वस्तूचं मला ओझंच वाटायचं.

पहिला तुकडा वाचला आणि मला राहवेना. त्या छापखान्यातल्या पोराचं पुढे काय होतं ही काळजी लागली. दुसरा तुकडा वेल्डरकडून चाचांकडे गेलेला, तिसरा माझ्याच उशीखाली. तो बॉयलरसूटच्या मांडीवरच्या खिशात घालून अस्करच्या बसमध्ये नेला आणि दोन दिवसांत संपवला. खबर देणारा निघाला पोराच्याच खोलीत राहणारा म्हातारा. पोराला छापखान्यात लावलेलं तेही त्या म्हाताऱ्यानेच.

गुरुवारी बॉयलरसूट वॉशिंग मशीनमध्ये टाकला. खिसा बघितला नाही. झाकण उघडलं तेव्हा सगळ्या कपड्यांना कागदाचा पांढरा लगदा चिकटला होता.

शुक्रवारी दुपारच्या विमानाने चाचा कायमचे घरी निघाले होते. त्यांचे दोन तुकडे वाचून झाले होते. शेवट विमानात वाचणार होते. गुरुवारी माझ्याने बोलवलं नाही. शुक्रवारी सकाळी कार्टनला दोरी बांधता बांधता ते म्हणाले, “तो तुकडा दे रे, हँडबॅगेत टाकतो.”

मग सांगितलं.

“धुवून वाळत घातली की कादंबरी!” वेल्डर हसत सुटला.

चाचा रागावले नाहीत. कार्टनवरच बसले. “वाचलास ना? मग आता तूच सांग. खबर कोण देतो?”

समोर बसलेल्या या माणसाला ते कसं सांगावं, मला कळेना.

“घरमालकीण,” मी म्हणालो.

“ती? कशी?”

“देवळात जाते ना ती, त्यांच्या चर्चमध्ये. तिथून.”

चाचांनी थोडा विचार केला. “मग दुसऱ्या तुकड्यात तो म्हातारा दाराच्या बिजागऱ्यांना तेल का घालतो?”

दुसरा तुकडा मी वाचलाच नव्हता.

“टॅक्सी अकराला येईल,” ते म्हणाले. “मला खोटं सांगून विमानात बसवू नको.”

तेव्हा खरं सांगितलं. म्हातारा. पोराला कामाला त्यानेच लावलं आणि त्याचं नावही त्यानेच दिलं, कारण म्हाताऱ्याचा स्वतःचा मुलगा तुरुंगात होता, त्याला सोडवायचं होतं. सांगताना मी कार्टनवरच्या गाठीकडे बघत होतो.

“पोरगा जगतो?”

“जगतो. शेवटच्या शनिवारी पोरगा कुठे लपलाय ते म्हातारा सांगत नाही. पोरगा सरहद्द ओलांडतो.”

“आणि म्हातारा?”

“त्याला धरून नेतात.”

“खलास,” चाचा म्हणाले, आणि पुन्हा दोरी ओढायला लागले. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, “तुझं नाव मीपण दिलेलं फोरमनला. तुझ्या पहिल्या उन्हाळ्यात. याला छपरावर चढवू नका, पडेल, म्हणून.”

त्या उन्हाळ्यात मला छपरावरून उतरवून स्टोअरमध्ये घातलं होतं. कुणीतरी चुगली केली, एवढंच मला माहीत होतं. पुढे कित्येक महिने मी खोलीत जपून बोलायचो, चाचांपुढेसुद्धा.

“मला वाटायचं, यानेच केलं असेल,” मी वेल्डरकडे बोट दाखवलं.

“मी? आरं, मी तवा हितं आलोपण नव्हतो!”

टॅक्सी आली. कार्टन आम्ही दोघांनी उचलला. पहिले दोन तुकडे चाचांनी माझ्या उशीवर ठेवले होते.

दुसरा मी त्याच संध्याकाळी वाचला. बिजागऱ्यांना तेल घालायच्या पानावर, समासात, चाचांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: हाच असणार. पण का?