मुराळी आणि पुढच्या चाकाचं वंगण

सामानाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. ड्रायव्हर दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता. आई केबिनमध्ये चढली, देव्हारा मांडीवर घेऊन बसली. खाली नानी, म्हणजे आईची आई, उभी होती. ती रडली नाही. दाराच्या पत्र्यावर हात ठेवून तिने एवढंच सांगितलं, "आखाजीले मुराळी धाडसू. तो उना का निंघजो. एकटी येऊ नको."

ट्रक साक्रीहून सुरतेला निघाला. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वडिलांना तिथल्या एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला दिवाळीइतका मान आहे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. लेकीला आणायला माहेरहून जो माणूस जातो, तो मुराळी. बहुधा भाऊच. लेकीने आपण होऊन निघायचं नसतं.

सुरतेत आम्ही आधी लिंबायतला राहिलो. घराच्या भिंतीपलीकडे माग चालायचे आणि ताटातली वाटी हलायची. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, रिक्षात हिंदी. आखाजीच्या आठवड्यात तिथल्या गल्ल्यांतून हातात कापडी पिशवी घेतलेले मुराळी पत्ते विचारत हिंडत. गाड्या आणि एस.टी. इतक्या भरत, की लोक खिडकीतून मुलं आत सरकवत. आमच्याकडे दगडूमामा यायचा, आईचा धाकटा भाऊ. आई त्याच्या पाठोपाठ निघायची.

पुढे आम्ही सुरतेतच कोसाडच्या एका वसाहतीत घर घेतलं, आणि वडिलांच्या मनात गाडी आली. एका निवृत्त गृहस्थांकडे एक छोटी पांढरी गाडी विकायला होती. तेव्हाच ती जुनी म्हणावी अशी होती. मामा तेव्हा सुरतेत आलेला होता, म्हणून वडील त्याला बरोबर घेऊन गेले. मामाला बैलातलं कळतं, मोटारीतलं कळत नव्हतं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि आतल्या बाजूने हात घातला. बोट काळंभोर होऊन बाहेर आलं. ते त्याने वडिलांना दाखवलं.

"वंगण भरपूर शे, दाजी. मालकनी जपेल शे."

गावाकडे यात गैर काही नव्हतं. बैलगाडीच्या चाकातून वंगण ओघळत असेल, तर ती गाडी जपलेली असते. करकरणाऱ्या गाडीचा मालक आळशी समजला जातो. वडीलही त्याच गावातले. त्यांनी गाडी घेतली. पुढचे अनेक महिने रविवारी गाडी धुताना चाकाच्या आत उडालेलं काळं वंगण पाहून त्यांना बरं वाटायचं.

वळताना गाडी टकटक वाजू लागली होती, पण सरळ जाताना आवाज नसे. वडील म्हणत, "वळणावर माणूससुद्धा कुरकुरतो."

त्या वर्षी आखाजीला आईच्या वडिलांची, नानांची, पहिली घागर भरायची होती. ते आदल्या पावसाळ्यात गेले होते. आईला कसंही करून तिथे पोहोचायचं होतं. नेमकी ती मोरीत घसरून पडली होती आणि डाव्या हाताला प्लास्टर होतं. आखाजीच्या गर्दीत एका हाताने एस.टी.त किंवा रेल्वेत चढणं शक्यच नव्हतं.

वडील म्हणाले, "मग अडचण काय? दारात गाडी आहे. आता मुराळी कशाला?"

"गाडी तुमची आहे," आई म्हणाली. "बोलावणं त्यांचं पाहिजे."

सणाच्या दोन दिवस आधी मुराळी आला. त्याच दिवशी दुपारी पेट्रोल भरून येताना वसाहतीच्या फाटकातच गाडीने कडाडकन मोठा आवाज केला. गिअर पडत होता, इंजिन फिरत होतं, गाडी जागची हलत नव्हती. वडील आणि मामाने ती ढकलत दारापर्यंत आणली.

शेजारचे कनुभाई बशीतला चहा घेऊन बाहेर आले. त्यांचा पुतण्या टॅक्सी चालवायचा, त्यामुळे गॅरेजमध्ये बसून काम पाहण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांनी वाकून चाकाच्या आत पाहिलं. तिथे रबराची घडीघडीची टोपी उभी फाटली होती.

"अरे साहेब, ग्रीस बहार देखाय, एटले अंदर सूकुं!"

बाहेर वंगण दिसतं, म्हणजे आत कोरडं. इतके महिने टोपीच्या चिरेतून वंगण बाहेर उडत होतं, धूळ आत जात होती आणि टोपीखालचा, चाक फिरवणारा सांधा झिजत होता. वडिलांनी मामाकडे पाहिलं.

"दगडू, तुला गाडी बघायला नेलं होतं की बैल?"

"दाजी, गाडीले दात ऱ्हातात तं दातबी मोजी लेतू."

आई हसली नाही. ती म्हणाली, "परवा घागर आहे."

गॅरेजवाल्याने सण झाल्यावर या म्हणून सांगितलं. वडील कनुभाईंच्या स्कूटरवर बसून जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि डाव्या बाजूचा अख्खा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा सांध्यासकट, घेऊन आले. बरोबर नवी रबरी टोपी आणि ग्रीसचा डबा.

सकाळी काम सुरू झालं. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि त्या वेळी चाक फिरू नये म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. पान्याला लोखंडी पाइप जोडून मामा आणि वडील दोघंही लटकणार होते. उरली आई. ती ड्रायव्हरच्या जागेवर पहिल्यांदाच बसली. प्लास्टरचा हात मांडीवर, दोन्ही पावलं ब्रेकवर.

"दाब, आक्का!"

"दाबलाय. तुम्हीच ओढत नाही."

नट कर्रकन सुटला, तसे दोघंही मागे बसले. कनुभाईंनी टाळी वाजवली.

मग जॅक लागला, खाली विटांची चवड रचली, चाक निघालं. वडिलांमधला स्टोअरकीपर जागा झाला. निघालेला प्रत्येक बोल्ट त्यांनी क्रमाने एका परातीत मांडला.

"अहो, ती पुरणाची परात आहे!"

"घासून देतो."

"तुम्ही? घासून?"

चाकाला धरून ठेवणारा खालचा सांधा सोडवून चाकाचा भाग बाहेर ओढला, तसं एक्सलचं एक टोक मोकळं झालं. दुसरं गिअरबॉक्समध्ये होतं. मामाने पहारीने अलगद उचकलं. आत टक असा आवाज झाला आणि एक्सल हातात आला. मागोमाग तेल आलं. ते झेलायला परात नेली असती, तर घरात वेगळंच काही घडलं असतं. वडिलांनी तगारी सरकवली.

यानंतर काम थांबलं, कारण मामा थांबला. त्याने जुना एक्सल ओट्यावर ठेवला आणि तुटलेला सांधा उघडला. आत खाचांमध्ये पोलादी गोळ्या होत्या, काही फुटलेल्या, सगळ्या कोरड्या. मग त्याने बाजारातून आणलेल्या एक्सलचा चांगला सांधा घेतला. एका हाताने दांडा फिरवला, दुसऱ्या हाताने टोक वाकवलं. वाकलेल्या स्थितीतही टोक फिरत राहिलं. त्याने ते सरळ केलं, पुन्हा वाकवलं, पुन्हा फिरवलं. मग उलट्या बाजूला वाकवून पाहिलं.

"हाई फिरस बी आन वळस बी?"

बैलगाडीत चाक नुसतं गडगडतं. ओढतात ते बैल, आणि वळतात तेही बैल. चाकाला स्वतःचं काम नसतं. या गाडीत मागची चाकं गावाकडच्यासारखी नुसती येत होती. पुढची दोन मात्र ओढतही होती आणि वळतही होती.

"आक्का," तो म्हणाला, "ह्या गाडीमा चाकच बैल शे!"

ती घराच्या खिडकीतून म्हणाली, "मग जुंप त्याला लवकर."

सांध्यात ताजं ग्रीस भरून नवी टोपी चढवली. एक्सल आत घालायला मात्र वेळ लागला. दाते जुळले, दांडा आत गेला, मामा म्हणाला झालं. वडील चाकाकडे वळले. आई तेव्हा ओट्यावर बसून आंबे पिळत होती, एका हाताने.

"झालं नाही," ती म्हणाली. "निघताना टक वाजलं होतं. जाताना वाजलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कनुभाई म्हणाले, "बेन सही बोलती है." मामाने दांडा सरळ धरला आणि अंगचा सगळा जोर लावून ढकलला. टक. आतली कडी बसल्याचा तो आवाज होता. तसंच चाक लावलं असतं, तर एक्सल रस्त्यात कुठेतरी निसटला असता. कुठे, ते नंतर घाटातून जाताना प्रत्येकाने मनात ठरवलं असावं.

गिअरबॉक्समध्ये तेल भरलं, नट कसला, आईने पुन्हा ब्रेक दाबला. वडिलांनी वसाहतीच्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गोल फिरवली. आवाज आला नाही.

निघायच्या वेळी आई दारातच उभी राहिली. मामा गाडीत बसला होता.

"उतर," ती म्हणाली. "रीतीने बोलाव."

मामा उतरला. दोन दिवस ज्या घरात जेवला-झोपला, त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. नखांत ग्रीस तसंच होतं.

"आक्का, तुले लेवाले ऊनू. माय वाट देखी राहनी."

मग ती बाहेर पडली.

बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. कोंडाईबारीच्या घाटात वडिलांनी काच खाली केली. प्रत्येक वळणावर सगळे पुढच्या डाव्या चाकाचं ऐकत होते. तिथून फक्त रस्त्याचा आवाज येत होता.

साक्रीत नानीने आधी लेकीचं प्लास्टर पाहिलं, मग मुलाचे हात. "मी मुराळी धाडा व्हता, मिस्तरी नही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी नानांची घागर भरली. आईने एका हाताने धरली, दुसरी बाजू मामाने.

ती गाडी पुढे विकली गेली. नानीही गेली. मामाचा मुलगा सुरतेत कामाला लागला, मामा त्याच्या मागे कोसाडलाच राहायला आला, मामाच्या मुली लिंबायतमध्ये दिल्या गेल्या. आता आखाजीला त्या कोसाडला येतात, झोका आईच्या ओट्यावर बांधला जातो, आणि नानीची घागर तिथेच भरते. दारातल्या फरशीवर तेलाचा एक डाग अजून आहे. साक्री आईचं माहेर होतं. माझं माहेर कोसाड आहे, ती कधीकाळी परकी म्हणून उतरली त्याच सुरतेतलं.

मी पुण्यात वर्तमानपत्रात काम करते. गेल्या आखाजीला फोनवर आईला म्हटलं, सुट्टी मिळाली आहे, गाडीने सकाळी निघते.

"थांब," ती म्हणाली. "मुराळी धाडते."

दगडूमामा आता म्हातारा झाला आहे. रात्रभर बसने प्रवास करून तो पुण्यात आला, चहा घेतला आणि खाली पार्किंगमध्ये गेला. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर हात टेकत बसला आणि आतल्या बाजूने रबरी टोपीवरून बोट फिरवलं. मग ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"कोरडं शे," तो म्हणाला. "चाल, तुले लेवाले ऊनू."