बारा अंशांचा रॅम्प

आमच्या लोणावळ्याच्या सोसायटीत बारा महिने राहतो कोण, तर आम्ही मोजकी घरं. बाकीचे मालक शनिवारी येतात, रविवारी जाताना चिक्की घेतात आणि मधल्या वेळात सोसायटी चालवतात.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती चाकांच्या खुर्चीत आली. घर तळमजल्यावरच, पण इथला पाऊस धरून जोतं तीन फूट उंच बांधलेलं. तिला फार काही नको होतं. सकाळी गेटपाशी कामशेतची भाजीवाली बसते, तिच्याशी घटकाभर बोलायला आपलं आपण जाता यावं, कुणाची मनधरणी करावी लागू नये, एवढंच. म्हणून मी कमिटीकडे रॅम्प मागितला. उतार एकास बारा ठेवा, असं बजावून सांगितलं.

कमिटीतले एक इंजिनिअर लगेच पुढे सरसावले. मोठ्या कंपनीत आहेत, हे ते दर वाक्याला सांगतात. त्यांनी एकास बारा म्हणजे बारा अंश धरले! मी दहावीला त्रिकोणमिती शिकवते. एक फूट चढायला बारा फूट जमीन, म्हणजे टॅनची किंमत एक भागिले बारा; तो कोन पाच अंशांच्याही आत येतो. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट लांबी लागते. या गृहस्थांनी बारा अंशांचा टॅन घेऊन चौदा फुटांत काम उरकलं आणि वर चकचकीत फरशी बसवली, का तर छान दिसते. समोरची बाजू भागिले लगतची बाजू हे गुणोत्तर आहे, कोन नव्हे, हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही दोनदा ओरडल्यावर कळतं.

मी त्रिकोण काढून दाखवला. इंजिनिअर हसले. "मॅडम, शाळेतलं गणित शाळेत. साइटवर असं चालत नाही."

चेअरमननी मात्र कागद नीट पाहिला. म्हणाले, "छत्तीस फूट केला तर दोन गाड्यांचं पार्किंग जातं. त्याचं काय करायचं?"

म्हणजे यांना गणित व्यवस्थित कळलं होतं. इंजिनिअरची मला कीव आली. चेअरमनची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

उद्घाटन अर्थातच शनिवारी. फीत, नारळ, आईच्या गळ्यात झेंडूचा हार. तिला गेटपर्यंत नाहीच नेलं. पायऱ्यांवरून उचलून खाली आणलं आणि रॅम्पवरून वर ढकलायला घेतलं. अर्ध्यावर इंजिनिअरांचे बूट फरशीवरून सटकले, खुर्ची मागे येऊ लागली. मी ओरडले. कमिटीच्या चौघांनी धावत येऊन खुर्ची उचलली आणि वर नेऊन ठेवली, आजवर पायऱ्यांवरून न्यायचो अगदी तशीच. त्यावर टाळ्या वाजल्या. लाज नावाची गोष्ट या लोकांनी पुण्या-मुंबईच्या घरीच ठेवलेली असते.

चेअरमन आईपुढे वाकले. "काय आजी, आता मोकळ्या झालात ना?"

आईने गळ्यातला हार काढून त्यांच्या हातात दिला.

"व्हय बाबा. आता हितनं मला एकदाच खाली न्यायचं. तवा खुर्ची लागत न्हाई, चार खांदं लागत्यात. ते तर तुमी हायच की."