शेठच्या मापाचा टोप

परवा पितळेचा टोप चिंचेने घासताना तो आंबट वास नाकात गेला आणि घाटकोपरचा पत्र्याच्या शेडमधला आमचा कारखाना आठवला. ऐंशीच्या दशकात तिथे आधी भाताचे टोप बनायचे. मग शेठला परदेशी गिऱ्हाईक भेटलं आणि डोक्यावर घालायचे टोप सुरू झाले, जुन्या रोमन शिपायांसारखे, गालांवर पितळी झडपा असलेले. तिकडे म्हणे धडधाकट बाप्ये हे घालून सुट्टीच्या दिवशी मैदानात खोटी लढाई खेळतात. पोट भरलेलं असलं की असले चाळे सुचतात! एकदा त्यांच्यातलाच एक साहेब माल बघायला आला. शेठने भाताच्या टोपापेक्षा पातळ पत्रा वापरला होता, तरी छाती फुगवून म्हणाला, "एकदम मजबूत! मारून बघा." साहेबाच्या हातात त्याने लाकडी दांडका दिला आणि टोपाचे पट्टे शिवत बसलेल्या मला म्हणाला, "घाल गं डोक्यावर." तेवढ्यात शेजारची मालवणी मावशी उठली. "शेटानू, येवढो मजबूत आसा तर तुमीच घाला बघया." शेठ दात काढत म्हणाला, "माझं डोकं मोठं आहे, नाही बसणार." मावशीने कोपऱ्यातून पंगतीच्या भाताचा भलामोठा टोप ओढत आणला. "मगे ह्यो घाला. ह्यो बसतलो." साहेबाला भाषा कळली नाही, पण दांडका त्याने खाली ठेवला. आता शेठही नाही आणि कारखानाही नाही. मी घासते तो टोप तिथलाच. घासून पालथा घालताना आत नजर गेली की शेठचं डोकंच आठवतं. एवढं मोठं, आणि आत काही नाही.