हवेची खोली

फोन आला तेव्हा माझे हात घमेल्यातल्या पाण्यात होते. ट्यूब दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघत होतो. लिली टीचरचा बोरिवलीचा भाचा बोलत होता. "आंटी गेली सकाळी. संध्याकाळी वाकोल्यालाच आणतोय, चर्चमध्ये. तुला सांगावं म्हटलं." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा ट्यूब दाबली. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

टीचर वाकोल्याच्या गावठाणातल्या, पिढ्यानपिढ्या इथल्याच ख्रिस्ती घरातल्या. शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झालेल्या, तरी शिकवण्यांना सायकलवर जायच्या. मी हिंगोलीकडचा. सातवीतच शाळा सुटली, पंक्चरच्या दुकानात लागलो, शटर ओढून तिथेच झोपायचो. पहिल्यांदा आल्या त्या सायकल ढकलत. मी ट्यूब बाहेर काढली तर म्हणाल्या, "फ्रान्समध्ये हिला काय म्हणतात ठाऊक आहे? हवेची खोली! इटलीतही तेच, पोर्तुगालातही तेच." मला वाटलं, म्हातारी फिरकी घेतेय. पण त्या बाकड्यावर बसल्या आणि सांगत सुटल्या. जुन्या लॅटिनमध्ये कामेरा म्हणजे कमानीचं छत, मग त्या छताखालची जागा. लॅटिनच्या लेकी चारी दिशांना गेल्या, तिथे शब्दाचं रूप पालटलं. फ्रेंचमध्ये शांब्र झालं, पोर्तुगीजमध्ये कामरा, इटलीवाल्यांनी कामेराच ठेवला. रोमानियात त्याच घराण्यातला शब्द धान्याच्या कोठीला. पोर्तुगीज जहाजातून तो आपल्याकडे उतरला आणि कमरा झाला. फोटोचा कॅमेरासुद्धा मुळात अंधारी खोलीच. "आणि तुझी खोली कुठेय रे?" मी शटरकडे बोट दाखवलं.

थोड्याच दिवसांत त्यांनी मला स्वयंपाकघरामागची सामानाची खोली मोकळी करून दिली. "ही तुझी रोमानियन खोली," म्हणाल्या. मी पाणी भरायचो, खारदांड्याहून मासळी आणायचो. त्या जेवताना कुठला तरी शब्द धरायच्या आणि त्याचं माहेर शोधत बसायच्या. मला निम्मं कळायचं नाही, पण मला कुणी इतकं सांगत बसलं नव्हतं कधी. एकदा दूधवाल्याला मी म्हणालो की मी यांचा भाडेकरू. टीचर भडकल्या. "भाडेकरू काय रे? कामरादा म्हण. एका खोलीत झोपणारे स्पेनचे शिपाई, ते कामरादा. मोर्च्यातला कॉम्रेड तिथूनच आला."

"पण टीचर, आपण कुठली लढाई लढतोय?"

"डासांशी! दुसरी कुठली?"

यंदा त्या ओट्यावरून पडल्या. हाड वाचलं, पण भाचा धावत आला. त्याआधीपासूनच गल्लीत कुजबुज सुरू होती की पंक्चरवाल्याने म्हातारीला पटवलंय, घर घशात घालणार. माझी झोप उडाली होती. उद्या पोलिसात नाव गेलं तर माझ्या बाजूने इथे कोण उभं राहणार? भाच्याने दारातच विचारलं, "तू कोण? इथे राहतोस?" आणि मी म्हणालो, "नाही हो. मी दुकानात असतो. टीचरची सायकल तेवढी बघतो."

आतलं दार उघडं होतं. टीचर पलंगावर बसल्या होत्या.

"मग ही रात्रीची एकटीच? वाट लागेल एखाद्या दिवशी! चल आंटी, बोरिवलीला." हे घर सोडून कुठे जायचं नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सायकलकडे बघत राहिलो. हा इथेच राहतो, एवढं त्या बोलल्या असत्या तरी झालं असतं. बोलल्या नाहीत. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून, की मनातून उतरलो म्हणून... ते आता कोण सांगणार?

त्याच दुपारी घराला कुलूप लागलं. माझा शर्ट आणि लुंगी आत दोरीवरच राहिली. मागणार कुठल्या तोंडाने? मी परत शटरमागे झोपायला लागलो. त्या फोन करायच्या. "इथे खिडकीतून नुसत्या टाक्या दिसतात रे. सायकलला हवा आहे ना?" सायकल कुलपात होती. मी न बघताच म्हणायचो, "आहे टीचर." भेटायला येतो म्हणायचो, गेलो मात्र नाही. भाच्याने पुन्हा विचारलं असतं, तू कोण?

टीचरच्या मातीनंतर भाच्याने घर उघडलं, मीही आत गेलो. स्वयंपाकघरामागच्या कोठीतल्या दोरीकडे बघून म्हणाला, "हे कपडे कुणाचे?"

"माझे."

तो माझ्याकडे वळला. "मग त्या दिवशी बोलला का नाहीस यार? मला काय तिला न्यायची हौस होती? रोज वाकोला, वाकोला करायची." आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. जाताना म्हणाला, "सायकल घेऊन जा तू."

आता ती दुकानात उभी असते, शटरच्या आत. मागच्या ट्यूबला बारीक गळती आहे. हवा एकदम जात नाही, हळूहळू उतरते. सकाळी उठलो की आधी अंगठ्याने तिचं चाक दाबून बघतो.