पाहुणे सर

पाहुणे सर सकाळी साडेदहालाच दमलेले असायचे. बाकीचे मास्तर दिवसभर शिकवून दमतात, हे दमूनच यायचे आणि मग शिकवायचे. वर्गात शिरले की आधी खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभे राहत. मग बसत, डोळे मिटत आणि तशीच हजेरी घेत. प्रत्येकाचा आवाज त्यांना पाठ होता. मागच्या बाकावरच्या शाहीनने एकदा मैत्रिणीच्या नावालाही 'येस सर' म्हटलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "शाहीन, तू एकदा आलीस तेवढं पुरे आहे."

'पाहुणे' हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं, त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरच होतं. कागदावर भाषा भारदस्त, 'अतिथी विद्वान'. अर्थ साधा. कायमचा माणूस येईपर्यंत तासांवर शिकवायचं आणि तो आला की त्याच दिवशी उठायचं. या उठण्याला आमच्याकडे सगळे 'फॉलन आऊट' म्हणतात. "दात पडतो तसं," सर समजावून सांगत. लग्नाच्या आधीपासून ते पाहुणे होते. आता मुलगी नववीत गेली होती. लहानपणी शाळेत तिला वडील काय करतात विचारलं, तेव्हा तिने 'पाहुणे आहेत' असं सांगितलं होतं म्हणे. बाईंनी विचारलं, "कुणाकडे?" ही गोष्ट सर हसत सांगायचे. पण त्यांचं हसणंही असं, की पायऱ्या चढून आल्यासारखं वाटावं.

आता मी तिथे कशी, ते सांगते. विद्यापीठाने बुऱ्हाणपुरात 'पर्यावरण विज्ञान आणि धोरण' शिकवायचं केंद्र काढलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती. माझी बी. एस्सी. लग्नाच्या पेटीत पैठणीखाली पडून होती. हे नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि दोन माणसांनी दिवसभर एकमेकांकडे बघत बसायचं म्हणजे कठीणच. मी नाव घातलं. वर्गातली सगळी मुलं माझ्या मुलाहून लहान, सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मुलं मला 'आंटी' म्हणत, सर 'ताई' म्हणत. विज्ञान म्हणजे काय हे मला थोडंफार आठवत होतं. धोरण म्हणजे मोठ्या आवाजात बोलणं, अशी माझी समजूत होती आणि तो आवाज माझ्याकडे भरपूर होता.

त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, आठवण झाली की मला अजून हसू येतं. पहिल्याच महिन्यात तिने दूधवाल्याला प्रदूषणावर व्याख्यान दिलं. तो दोन दिवस शेजारणीकडेच दूध ठेवून गेला. यांच्या स्कूटरची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. हे म्हणाले, "जन्मभर मी कागद बनवला, आता तू तो काळा कर. पण मला भाजी आणायला पायी पाठवू नकोस." पर्यावरण दिनाला तर तिने कमालच केली. पांढरी कोरी सुती साडी नेसून फोटोसाठी केळीला कडकडून मिठी मारली. जन्म फोपनारचा, माहेरी केळीशिवाय दुसरं पीक नाही, केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही हे दुधाच्या दातांपासून माहीत. तरी मारली. साडीवर पोटापासून खांद्यापर्यंत काळपट डाग. सरांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "ताई, केळ हे झाड नाही. शास्त्राने ते गवत आहे. तुम्ही गवताला मिठी मारलीत."

शिकवताना सरांची एक खोड होती. कायद्याचं एखादं कलम ते कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावत. 'सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यात येईल', 'वृक्षारोपण करण्यात येईल' असं वाचणारा वाचत जाई. प्रत्येक वाक्यानंतर सर फक्त विचारत, "कोण करील?" वर्ग पुस्तकात शोधू लागे. पुस्तकात नाव नसे. "मग कुणीच नाही करणार," सर म्हणत. "पुढचं वाच." तासाच्या शेवटी फळ्यावर काही नसे, पण वर्तमानपत्र उघडलं की डोक्यात तोच प्रश्न वाजू लागे. मी तो घरी आणला. हे म्हणाले, "अगं, मोरीचा नळ दुरुस्त होऊन जाईल." मी म्हटलं, "कोण करील?" संध्याकाळी नळ दुरुस्त झाला. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "चला, एक तरी अंमलबजावणी झाली."

माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनीच सुचवला. केळीच्या घडाला डाग पडू नये म्हणून वरून प्लास्टिकची पातळ पिशवी चढवतात. घड कापला की ती बांधावरच पडते, वाऱ्याने नाल्यात जाते, नाल्यातून तापीत. मला अख्खी तापी वाचवायची होती. सर म्हणाले, "आधी पिशवी बघू." मग आम्ही फोपनारला माझ्या भावाच्या मळ्यात गेलो. भाऊ मला पाहून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आली का मास्तरीण? पिशवी नको म्हणशील. मग घडाले काय घालू, माझं धोतर?" मी प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर सुरू होणार, तेवढ्यात सर बांधावर बसले. "दादा, तेच विचारायला आलो आहे. कापणीनंतर पिशवीचं काय करता?" भाऊ गोंधळला. त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. "काय करू? पडते तिथं पडते. दुकानदार विकाले येतो, न्याले कोणी येत नाही." सर मान हलवत ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता त्याची दोन केळी खाल्ली. परत येताना म्हणाले, "तुमचा प्रबंध झाला, ताई. तुमच्या भावाने शेवटच्या वाक्यात सांगितला."

मला मात्र तेवढ्यावर समाधान कुठलं. मी शिफारशींचं प्रकरण लिहिलं ते पानंच्या पानं. पिशव्यांवर बंदी, शेतकऱ्यांना प्रशिक्षण, शाळांतून निबंध स्पर्धा, नदीकाठी जाळी, गावोगावी पथनाट्य. सरांनी लाल पेन काढलं आणि दमलेला माणूस घाम पुसतो तसं सावकाश एकेक पान पुसून काढलं. एक ओळ ठेवली, 'पिशवी जो विकतो त्यानेच ती परत न्यावी.' मी भांडले. बाकीच्या काय वाईट होत्या? "वाईट नाहीत, सोप्या आहेत," सर म्हणाले. "मागणी एकच करायची असते, ताई. चार केल्या की साहेब लोक त्यातली सोपी तेवढी मंजूर करतात आणि चारही मंजूर झाल्यासारखे फोटो काढतात. तुमची निबंध स्पर्धा होईल. पिशवी नाल्यातच राहील."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात बातमी आली, की कायमच्या नेमणुकांची यादी लागली आहे आणि आमच्या केंद्राच्या वाट्याला एक नाव आहे. म्हणजे सर उठणार. मुलगी दहावीच्या परीक्षेच्या तोंडाशी, बायको शनवारा मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणारी. आणि उठल्यावर दुसरी नेमणूक मिळाली तर ती कुठेतरी लांब, जिथे जागा रिकामी असेल तिथली. सरांनी हे वर्गात सांगितलं नाही. शाहीनने शोधून काढलं. मुलं माझ्याभोवती जमली. "आंटी, कुछ करना पड़ेगा. आप लिखो, आपकी हिंदी बड़ी वाली है."

मी लिहिलं. आमच्या सरांना निदान आमची परीक्षा होईपर्यंत इथेच ठेवावं. एवढंच. सुंदर अर्ज झाला होता. पण सह्या घ्यायला वर्गात फिरवला, तेव्हा एकजण म्हणाला, जातच आहोत तर ग्रंथालयाच्या वेळेचंही लिहू. दुसरी म्हणाली, मुलींच्या बाथरूमला कडी नाही. कुणाला बसचा पास हवा होता. आणि शाहीन म्हणाली, "प्यायचं पाणी पण लिहा ना आंटी, उन्हाळ्यात टाकीचं पाणी चहासारखं येतं." पर्यावरण आणि धोरण शिकणारा अख्खा वर्ग, त्यांच्यात सगळ्यात शहाणी मी. कुणाचं मन कशाला मोडा म्हणून सगळं लिहिलं, आकडे घातले, शेवटी 'सकारात्मक विचार व्हावा' अशी गोडीही घातली. वरच्या साहेबांनी अर्ज हसतमुखाने घेतला. मला तर वाटलं, आपण जिंकलोच.

तीन आठवड्यांत वॉटर कूलर आला. स्टीलचा, दोन नळांचा. त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, साहेबांनी फोटो काढून घेतला. त्याच आठवड्यात सरांचा कागदही आला.

सर व्हरांड्यातून आले तेव्हा आम्ही कूलरपाशी उभे होतो, कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं. सरांनी पेला भरला, पाणी प्यायले. "थंड आहे," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगितलं होतं. एकच मागणी." त्यांनी पेला विसळून जागेवर ठेवला. "ताई, मीही एकदा अर्ज केला होता. लिहिलं होतं, मला कायम करा, ते नसेल जमत तर पगार तरी वेळेवर द्या."

"मग?"

"पगार वेळेवर येतो."

त्यांच्या जागी आली ती एक नीटस मुलगी, नुकतीच डॉक्टरेट झालेली, माझ्या सुनेच्या वयाची. तिचा काय दोष. पहिल्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आंटी, पहले वाले सर कैसे पढ़ाते थे?" मी म्हटलं, "थककर." तिला वाटलं मी सरांची निंदा करते आहे. तिच्याच हाताखाली माझा प्रबंध पुरा झाला, ती एक ओळ तशीच राहिली. ती कुठल्या कपाटात आहे देव जाणे. फोपनारचा एक दुकानदार मात्र जुन्या पिशव्या परत घेतो, तोही माझ्या भावाने वर्षभर त्याचं डोकं खाल्लं म्हणून. एक दुकान. तापी तशीच आहे. सर अजून पाहुणेच आहेत, जंगलाकडच्या एका लांबच्या जिल्ह्यात. दिवाळीला फोन करतात. मुलगी बँकेत लागली, कायम. "घरात एक तरी यजमान झाला," असं म्हणाले.

सर गेले तो दिवस मला बाकी सगळ्याहून जास्त आठवतो. पाहुण्याला निरोप समारंभ नसतो, त्यासाठी कागदावर जागाच नाही. म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं. इतक्या वर्षांत ते कुणाच्याच घरी जेवायला गेले नव्हते. "पाहुणा म्हणून गेलं की लोक विचारतात, किती दिवस मुक्काम," म्हणायचे. त्या दिवशी आले. संध्याकाळची गाडी होती, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिकडे हजर व्हायचं होतं. नाही झालं तर तीही जागा गेली. बायको-मुलगी परीक्षेपर्यंत इथेच राहणार होत्या. मी वरण-बट्टी आणि भरीत केलं होतं. सर पोटभर जेवले, तुपाला नाही म्हणाले नाहीत. हात धुऊन ओसरीतल्या झोपाळ्यावर जरा टेकले, आणि मी सुपारी घेऊन बाहेर येईपर्यंत झोपलेही.

दमलेला माणूस मी दीड वर्ष रोज पाहिला होता. झोपलेला पहिल्यांदा पाहिला. तोंड किंचित उघडं, चष्मा छातीवर, एक पाय झोपाळ्याखाली लोंबता. झोपेत ते चांगले दहा वर्षांनी लहान दिसत होते. मी आत जाऊन रेडिओ बंद केला. भांडी घासणाऱ्या बाईला म्हटलं, उद्या घास. भाजीवाला दारात ओरडला, त्याला हातानेच पुढे घालवलं. हे हळूच म्हणाले, "अगं, उठव त्यांना. गाडी जाईल." मी म्हटलं, "अजून थोडं." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "आता उठव, नाहीतर त्यांची नोकरी जाईल आणि तू अर्ज लिहीत बसशील."  यांनी सरांची बॅग नेऊन स्कूटरवर बांधली, दोरी दोनदा सोडून परत बांधली. आम्ही दोघं वेळ काढत होतो आणि वेळ संपत आला होता.

शेवटी मीच गेले. खांद्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून नुसतंच "सर" म्हटलं.

ते दचकून उठून बसले. आपण कुठे आहोत ते कळेना. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तास संपला का?"

"संपला, सर," मी म्हटलं. "सावकाश उठा. अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. बाहेर यांनी स्कूटर सुरू केली होती.