खंडेनवमीचे फ्यूज

श्रुतिकाला शिसारी लवकर येते. दुधावरची साय, दमट टॉवेल, जेवताना कुणाच्या मिशीला लागलेलं ताक, यातलं काहीही दिसलं की ती तोंड फिरवते. पण या सगळ्यांवर ताण म्हणजे देवव्रत सर. हे गृहस्थ महाडच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनचा वर्ग घ्यायचे, आणि तारेत वीज आहे की नाही हे टेस्टर न लावता बोटाच्या पाठीने चाचपून बघायचे. वर पोरांकडे बघून डोळा मारायचे. पोरं खूश व्हायची. श्रुतिकाला मळमळायचं.

ती उमरठच्या वरच्या वाडीतली. बाप मुंबईत एका इमारतीवर रखवालदार, दोघे भाऊ बापाच्या मागोमाग गेलेले, आणि उतारावरची भातशेती आई सोनाबाई एकटी ओढत होती. वाडीतल्या प्रत्येक घराची अशीच फाटाफूट. श्रुतिकाने ठरवून टाकलं होतं की आपण मुंबईला जायचं नाही. महाडच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, कारखान्यांत मोटरी आहेत आणि मोटरी बंद पडतात. एकदा अॅप्रेंटिस म्हणून आत शिरलो की आपलं आपण बघून घेऊ. दर वर्षी एका कंपनीचे साहेब संस्थेत येऊन चारपाच मुलं निवडायचे. त्या चारपाचांत बसायचं, एवढ्यासाठी ती सकाळची एसटी पकडून यायची आणि दिवसभर देवव्रत सरांना सहन करायची.

सहन करण्यासारखं पुष्कळ होतं. कार्यशाळेत एक नवी कोरी मोटर होती, पण तिच्यावरचं प्लास्टिक उद्घाटनापासून कुणी काढलेलं नव्हतं. काढलं तर खराब होईल, म्हणे. मोटर चालू कशी करायची हे पोरांनी फळ्यावरून उतरवून घ्यायचं आणि प्रत्यक्षात लाकडी पाटीवर दोन दिवे लावायचे. वर्गात मुलगी एकच, त्यामुळे पाहुणे आले की ओवाळायला श्रुतिका, फोटोत मधोमध श्रुतिका. पाहुणे गेले की पक्कड पोरांच्या हातात आणि झाडू श्रुतिकाच्या.

या असल्या कारभारात तिने पुस्तकातला एक नियम मात्र घट्ट धरून ठेवला होता. पॅनेल उघडून आत हात घालणाऱ्याने आधी मेन स्विच पाडायचा, फ्यूज उपसायचे आणि ते खिशात ठेवायचे, म्हणजे दुसरं कुणी चुकूनसुद्धा वीज चालू करू शकत नाही. तुडीलचा हृतिक तिचा जोडीदार. तो आत काम करी आणि तिन्ही फ्यूज तिच्या निळ्या एप्रनच्या खिशात असत. बाकीची पोरं याला बायकी भीती म्हणायची. हृतिक म्हणत नसे, म्हणून तो तिला बरा वाटायचा.

त्या वर्षी कंपनीचे साहेब नेमके खंडेनवमीला येणार होते. देवव्रत सरांना उत्साहाचं भरतं आलं. कार्यशाळेत हत्यारांची पूजा मांडायची, साहेबांच्या हस्ते आरती करायची आणि आरती संपता संपता ती नवी मोटर गरगर फिरवून दाखवायची. श्रुतिकाला हुकूम झाला की एप्रन नको, साडी नेसून ये. ती सोनाबाईची जांभळी साडी नेसून आली आणि दारात रांगोळी काढत बसली.

सकाळी मोटर चालेना. इतकी वर्षं प्लास्टिकात गुदमरल्यावर ती तरी काय करणार. सरांचा चेहरा उतरला. "हृतिक, साहेब यायच्या आत ही फिरली पाहिजे," ते म्हणाले आणि नारळ आणायला गेले. हृतिकने दाराजवळच्या बोर्डावरचा मेन पाडला, तिन्ही फ्यूज उपसले आणि श्रुतिकाकडे दिले. तिने सवयीने कमरेशी हात नेला. तिथे खिसा नव्हता, निऱ्या होत्या. तिने फ्यूज टेबलावर ठेवले आणि शिपायाला सांगितलं, "याला हात लावू नका हां." शिपाई हो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने टेबलावर होतं नव्हतं ते सगळं उचलून पूजेत मांडलं. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर आणि ते तीन फ्यूज, सगळ्यांना हळद, कुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. देवापुढे मांडायचं म्हणजे हात लावणं नव्हे, असा त्याचा हिशेब असावा.

साहेब वेळेच्या बरेच आधी आले. हृतिक कार्यशाळेच्या दुसऱ्या टोकाला मोटरच्या पॅनेलमागे वाकलेला होता, आणि पॅनेलवरून स्वागताचं कापड सोडलेलं असल्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता. श्रुतिका दारात तबक घेऊन उभी. तिने सरांना आणि साहेबांना कुंकू लावलं. आरती सुरू झाली, घंटा, टाळ्या, सगळा गलका. सरांचं लक्ष पूजेतल्या फ्यूजकडे गेलं. त्यांना वाटलं, काम झालं असेल. वाटलं म्हणजे विचारायचं नसतं. टाळ्या वाजवता वाजवता त्यांनी हळदीकुंकवासकट फ्यूज उचलले, बोर्डात दाबले आणि मेन वर केला.

श्रुतिकाला खटका ऐकू आला तेव्हा ती वळली. सरांचा हात अजून मेनवरच होता. कापडामागून एक आवाज आला, माणसाचा वाटणार नाही असा. तिने तबक टाकलं आणि सरांना बाजूला ढकलून मेन खाली ओढला. हृतिक पॅनेलमागे पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती, आणि जळल्याचा वास उदबत्तीच्या वासात मिसळत होता. तो वास श्रुतिकाच्या नाकातून अजून गेलेला नाही.

हृतिकला उचलून गाडीत घालत असताना देवव्रत सर साहेबांना सांगत होते, "पूजा मांडल्यावर हत्याराला हात लावायचा नसतो, हे मी या मुलांना दहा वेळा सांगितलंय. ऐकत नाहीत." कपाळावर श्रुतिकाने लावलेलं कुंकू तसंच होतं. आवाज जराही कापत नव्हता. भोवतीची माणसं माना डोलवत होती. खंडेनवमीला हत्याराला हात लावला, मग दुसरं काय होणार.

दवाखान्यात बोटं वाचली, पण ती पुरती मिटेनात. चार दिवसांनी हृतिकची आई शकू नारळ घेऊन संस्थेत आली. श्रुतिकाला वाटलं, ही आता सरांना फाडून खाणार. शकूने कार्यशाळेच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, पॅनेलला हात जोडले आणि सरांच्या पायाशी वाकली. "पोराचं चुकलं, सर. त्याला पदरात घ्या." सरांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "असू दे, होतं असं."

श्रुतिका शकूच्या मागे एसटी स्टँडपर्यंत गेली. "काकी, हृतिकची चूक नाय. सरांनी मेन चालू केला. माझ्या डोळ्यांसमोर केला."

शकूने तिचा हात दाबला. "असं बोलू नको गो. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात हायेत."

दिवाळीनंतर साहेब निवडीसाठी पुन्हा आले. हृतिक, श्रुतिका आणि आणखी काही मुलं समोर बसली. अपघाताची चौकशी केल्याशिवाय मी या वर्गातलं कुणी घेणार नाही, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सरांनी सकाळी श्रुतिकाला बाजूला घेतलं होतं. "तू समजूतदार आहेस. काय बोलायचं ते तुला सांगायला नको." हे बोलताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन तिने तो खांदा दोनदा साबणाने धुतला.

साहेबांनी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. साडी, टेबल, शिपाई, फ्यूज, मेन. आपण फ्यूज टेबलावर ठेवायला नको होते, हेही सांगितलं. साहेब ऐकून हृतिककडे वळले. "ही म्हणते ते खरं आहे?"

हृतिकने पट्टी बांधलेला हात मांडीखाली घेतला. "नाय साहेब. सर नको म्हणत होते. मीच हात लावला."

सरांनी मान खाली घातली, दुखावल्यासारखी. साहेबांनी श्रुतिकाकडे असं बघितलं की ती उठून बाहेरच आली. निवड झाली ती हृतिकची आणि आणखी तिघांची. गुरूवर आळ घेणारी मुलगी कोण घेईल. उरलेलं वर्ष तिने काढलं, पासही झाली. सरांनी मार्क दिले, पण देताना असे दिले की घेणाऱ्याला हात धुवावेसे वाटावेत.

हल्ली ती पोलादपुरात काशीराम मामांच्या दुकानात पाण्याच्या पंपांच्या मोटरी भरते. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश द्यायचं. वार्निशाच्या वासाने डोकं धरतं, पण त्या वासाची तिला किळस येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हृतिक तिथे आला. नदीकाठच्या शेतावरची मोटर जळाली होती. अंगावर कंपनीचा शर्ट, उजव्या हाताची दोन बोटं न मिटता ताठ राहिलेली. मोटर उतरवून तो तिथेच घुटमळला.

"कंपनीत विचारतात गो, बोटांना काय झालं. मी सांगतो, खंडेनवमीला हत्याराला हात लावला. हसतात सगळी."

"मग खरं सांग ना आता. आता सर तुझं काय वाकडं करणार हायेत?"

हृतिकने बोटांकडे बघितलं. "एक सांगू? आता मला तसंच आठवतं. सर मागून नको नको म्हणतायत आणि मी आत हात घालतोय. डोळे मिटले की तेच दिसतं. तू सांगितलंस ते काय मला आठवतच नाय."

तो थट्टा करतोय का, हे श्रुतिकाने त्याच्या तोंडाकडे बघून पाहिलं. करत नव्हता. सरांना तर ते पहिल्या दिवसापासूनच आठवत नव्हतं. शकूला आठवून चालणार नव्हतं. आणि आता ज्याचा हात जळला, त्याच्याही डोक्यातून ते कुणीतरी पुसून काढलं होतं. तिने तोंड फिरवलं.

"मोटर परवा ने," ती म्हणाली, आणि उन्हातून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा न विचारता आत निघून गेली.